कुत्र्याची आणि गिनीपिगची भेट घालून देऊ नका

घरात कुत्रा असताना हॅमस्टर, गिनीपिग किंवा पांढरा उंदीर आणला, की दोघांची रीतसर ओळख करून द्यावी, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. त्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. आधी पिंजऱ्यातलं गवत कुत्र्याला हुंगायला द्यायचं. मग बंद पिंजऱ्याजवळ त्याला बसवायचं. मग पट्टा धरून दोघांना समोरासमोर आणायचं. आठवडा-दोन आठवडे सुरळीत गेले की छोट्याला थेट कुत्र्याच्या पाठीवर ठेवून फोटो काढायचा. घाई करू नका, धीर धरा, दोघं मित्र होतील, असं वर आश्वासन. हा सल्ला देणारी माणसं वाईट नाहीत, प्राण्यांवर त्यांचा जीव आहे. पण सल्ला चुकीचा आहे, आणि कितीही धीराने पाळला तरी तो चुकीचाच राहतो. ही भेट मुळात घडवूच नये, असं माझं म्हणणं आहे.

मी इगतपुरीला राहतो, आणि इथे हा विषय दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. कसारा घाट चढून आलं की सुमारे 600 मीटर उंचीवरचं हे गाव. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. भावलीच्या बाजूला, घोटीच्या रस्त्याला बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्यात. 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबईकरांना इगतपुरी आणखी जवळ आली. शुक्रवारी रात्री गाड्या येतात. मागच्या सीटवर कुत्रा, आणि कित्येकदा मुलांच्या मांडीवर हॅमस्टरचा पिंजरा, कारण दोन दिवस त्याला ठेवायचं कोणाकडे? मुंबईच्या फ्लॅटमध्ये दोघांच्या खोल्या वेगळ्या असतात, मधलं दार लावायची सवय असते. इथे एकच मोठा हॉल. बाहेर पाऊस कोसळत असतो, कुत्र्याला फिरवून आणता येत नाही; तो घरात कोंडलेला, ओल्या मातीच्या आणि बांधावरच्या घुशी-उंदरांच्या वासाने चाळवलेला. मोठ्यांना वेळ आहे, मुलं कंटाळलीत. नेमकं तेव्हाच कोणीतरी म्हणतं, चला, आज दोघांची दोस्ती करून देऊ.

गेल्या पावसाळ्यात असा एक प्रसंग मी समोर बसून पाहिला. प्लास्टिकच्या टोपलीत वाळलेलं गवत, त्यात तांबूस-पांढरी गिनीपिग, आणि हातभर अंतरावर पट्ट्याने धरलेला लॅब्राडोर. घरातली मुलगी म्हणाली, “बघा ना काका, दोघं कसे शहाण्यासारखे बसलेत.” बसले होते हे खरंच. पण गिनीपिगच्या तोंडाजवळ कोथिंबिरीची काडी पडली होती आणि तिने तिला तोंड लावलं नव्हतं. ज्यांनी गिनीपिग पाळलीय त्यांना ठाऊक आहे, कोथिंबिरीच्या नुसत्या वासाने हा प्राणी शिट्या मारायला लागतो. इथे ती टोपलीच्या तळाला चपटी होऊन चिकटली होती. डोळे इतके ताणलेले की कडेला पांढरी कोर दिसत होती. कुशी भराभर हलत होत्या, बाकी अंगाची हालचाल शून्य. कुत्र्याचं तोंड, जे एरवी दिवसभर उघडं, जीभ बाहेर, ते घट्ट मिटलेलं. कान पुढे. शेपटी हलत होती, पण ताठ आणि सावकाश. वीस-एक मिनिटांनी टोपली उचलून आत नेली. “पहिली भेट झकास झाली” असा सगळ्यांचा निर्वाळा. गिनीपिगने रात्री उशिरापर्यंत अन्नाला तोंड लावलं नाही, हे दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने सांगितलं.

त्या दिवशी काहीही अघटित घडलं नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे. दुर्घटना झाली नाही म्हणजे भेट यशस्वी झाली, हा हिशेब माणसाने माणसासाठी मांडलेला आहे. टोपलीतल्या जिवाच्या बाजूने पाहिलं तर त्याने वीस मिनिटं मरणाची वाट पाहिली.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. गिनीपिग मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतली. तिथल्या लोकांनी तिला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं, तेही खाण्यासाठी. पण माणसाळल्याने तिचं शिकारपण गेलं नाही. तिचं गर्भारपण साठ-सत्तर दिवसांचं, एवढ्याशा प्राण्याच्या मानाने फारच लांब; पिल्लं जन्मतात ती उघड्या डोळ्यांनी, अंगभर केसांनिशी, आणि काही तासांत पळायला लागतात. ज्याच्या मागे कायम कोणीतरी लागलेलं असतं त्याचीच पिल्लं अशी जन्मतात. संकट आलं की तिच्याकडे उपाय दोनच: पळणं, नाहीतर दगडासारखं गोठून जाणं. पळायला जागा नसेल तर उरतं गोठणं. आणि या गोठण्यालाच आपण ‘शांत बसली’ म्हणतो.

उंदराच्या बाबतीत तर आपली फसगत आणखी मोठी आहे. पाळलेले पांढरे उंदीर भ्यायले की सुमारे 22 किलोहर्ट्झच्या लांबलचक किंकाळ्या फोडतात. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे उंदीर ओरडत असतो आणि आपल्याला खोलीत शांतता वाटते. कुत्र्याचा कान मात्र 45 किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत जातो. त्याला ती किंकाळी स्वच्छ ऐकू येते. त्या खोलीत भेदरलेल्या सावजाचा आवाज ऐकू येत नाही तो फक्त भेट घडवणाऱ्या माणसाला. इथे इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंकांनी 1976 मध्ये विपश्यना केंद्र सुरू केलं, तेव्हापासून जगभरातली माणसं दहा दहा दिवस मौन पाळायला येतात. ते मौन त्यांनी आपणहून घेतलेलं असतं. पिंजऱ्यातल्या जिवाच्या गप्प बसण्याला त्या पंगतीला बसवू नका.

आता नेहमीच्या युक्तिवादांकडे वळतो. पहिला: “आमचा कुत्रा गरीब आहे हो, कोणावर भुंकतसुद्धा नाही.” असेलही. पण शिकार आणि राग यांचा एकमेकांशी संबंध नाही. कुत्रा चावरा आहे की नाही हे माणसांशी आणि दुसऱ्या कुत्र्यांशी तो कसा वागतो त्यावरून ठरतं. शिकारीची साखळी निराळी आहे: रोखून पाहणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड, झटका. त्यात गुरगुरणं नसतं, दात विचकणं नसतं. उलट कुत्रा त्या वेळी अतिशय एकाग्र आणि आनंदात असतो. माणसाने हजारो वर्षं निवड करून वेगवेगळ्या जातींत या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या घट्ट केल्या. मेंढरं वळणाऱ्यात रोखून पाहणं ठेवलं, आपल्याकडच्या कारवानसारख्या शिकारी कुत्र्यात पाठलाग ठेवला, लॅब्राडोरमध्ये तोंडात धरून आणणं ठेवलं. टेरियर कुळातल्या कित्येक जाती तर उंदीर मारण्यासाठीच घडवलेल्या. 1823 मध्ये लंडनच्या एका आखाड्यात बिली नावाच्या कुत्र्याने साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारल्याची नोंद आहे. अशा कुळातली यॉर्कशायर टेरियर आज आपल्या दिवाणखान्यात वेणी-फणी करून बसलेली असते, म्हणून तिच्यातली ती कडी तुटली असं कोणी समजू नये. आणि आपलं गावठी कुत्रं? त्याची तर कोणी निवडच केली नाही. त्याच्यात साखळी अखंड असते. ज्यांना खात्री हवी त्यांनी भात सोंगणीच्या दिवसांत कुठल्याही बांधावर जाऊन उभं राहावं.

शिवाय कुत्र्याच्या मनात काहीही वाईट नसताना घात होऊ शकतो. हॅमस्टर असतो सव्वाशे ग्रॅमचा, लॅब्राडोर तीस किलोचा. जवळजवळ अडीचशे पट. माणसासमोर तीन हत्तींचं वजन उभं राहावं, तसं हे प्रमाण; त्यात खेळायला ये म्हणून कुत्र्याने टाकलेला पंजा हॅमस्टरच्या पाठीवर पडला तरी पुरे. तिथे प्रेमाने टाकला की रागाने, याने काही फरक पडत नाही. ‘पट्टा हातात आहे’ हा दिलासाही फोल आहे. पकड आणि झटका या दोन कड्या मिळून सेकंदभराचं काम. आपला हात पट्टा ओढेपर्यंत ते उरकलेलं असतं.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे: लहानपणापासून एकत्र वाढवलं तर शिकारीची वृत्ती उफाळत नाही. याला प्रयोगाचा आधारही दाखवता येतो. झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञाने 1930 मध्ये मांजरीच्या पिल्लांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. उंदीर मारणाऱ्या मांजरीसोबत वाढलेल्या 21 पिल्लांपैकी 18 पिल्लं उंदीर मारायला शिकली. उंदरांच्या सोबतीत वाढलेल्या 18 पैकी फक्त 3. संगोपनाचा परिणाम मोठा असतो हे यातून सिद्ध होतं, आणि ते मी बिनशर्त मान्य करतो. पण हा दाखला भेटीच्या बाजूने उभा करणाऱ्यांनी तो पुरता वाचावा. पहिली गोष्ट, ती पिल्लं तान्हेपणापासून उंदरांसोबत होती. आपल्याकडे दोन-तीन वर्षांचा जाणता कुत्रा असतो आणि हॅमस्टर मागच्या आठवड्यात दुकानातून आलेला. दुसरी गोष्ट, अशा आदर्श स्थितीतही सहात एकाने मारलंच. मुलांच्या डोळ्यांदेखत त्यांचा लाडका जीव जाण्याची शक्यता उरत असेल, तर कुठले आईवडील तो डाव खेळतील? आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या आकड्यांत मांजरं काय शिकली एवढंच मोजलंय. उंदरांचे दिवस कसे गेले हे मोजलेलंच नाही. आजच्या सल्ल्यांतही तीच त्रुटी आहे. कुत्र्याने कसं वागायचं यावर पानंच्या पानं, आणि छोट्याच्या बाजूने एक ओळ: तोही हळूहळू सरावेल.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात सांगतो. कुत्र्याच्या डोक्यावर बसलेला उंदीर तीस सेकंद दिसतो. ज्या घरांत हा प्रयोग फसला त्या घरांनी व्हिडिओ टाकलेला नसतो.

तिसरा मुद्दा संस्कृतीचा, आणि तो मी आदराने घेतो, कारण तो माझ्याही घरातला आहे. आपल्या गणपतीच्या पायाशी उंदीर आहे, दत्तगुरूंच्या भोवती चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे; आपली परंपरा सर्व जिवांना एकत्र नांदवते, मग घरात का नांदवू नये, असं विचारलं जातं. मग शिवाचं कुटुंब नीट पाहावं. शंकराच्या गळ्यात नाग, कार्तिकेयाचा मोर, गणपतीचा उंदीर, देवीचा सिंह आणि दारात नंदी. नाग उंदराला खाणारा, मोर नागाला मारणारा, सिंह नंदीवर झेपावणारा. ही सगळी वैरं जिथे थांबतात ते घर महादेवाचं आहे, म्हणून तर ते कैलास. जन्माचं वैर विझवणं हे तिथे देवाचं सामर्थ्य म्हणून दाखवलंय. आपण कुत्र्याचा पट्टा धरून तेच करू म्हणणं हा परंपरेचा आदर होत नाही.

यापुढचा मुद्दा सल्ल्यांत सहसा नसतो, आणि इगतपुरीसारख्या ठिकाणी तो सगळ्यात आधी यायला हवा. समजा कुत्रा खरोखरच देवमाणसासारखा आहे. त्याने गिनीपिगला नुसतं हुंगलं, चाटलं. तरी धोका टळत नाही. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका नावाचा जिवाणू कुत्र्यांमध्ये खोकल्याची साथ आणतो. कुत्री सुट्टीच्या पाळणाघरात किंवा बागेत एकत्र आली की तो पसरतो. अनेक कुत्री तो कसलंही लक्षण न दाखवता नाका-घशात बाळगून असतात. कुत्रा काही दिवस खोकतो आणि बहुधा बरा होतो. गिनीपिगला त्याच जिवाणूने न्यूमोनिया होऊ शकतो आणि त्यात ती अनेकदा दगावते. कुत्र्याच्या ओल्या नाकापासून गिनीपिगच्या नाकापर्यंत एवढंसं अंतर, आणि तेच कमी करायला आपण ‘ओळख’ म्हणतो. त्यात जुलै-ऑगस्टची इथली हवा. भिंतींना ओल, कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत, पिंजऱ्यातलं गवत सकाळी घातलेलं संध्याकाळी दमट. छातीच्या दुखण्याला याहून अनुकूल जागा सापडणार नाही.

आणि चावलं तर? कुत्र्याच्या तोंडात पाश्चुरेला जातीचे जिवाणू असतात. दात नुसता लागला, केसांखाली टोचल्याएवढी जखम झाली, तरी ती आतून पिकते. मग घरात असलेलं औषध देण्याचा मोह होतो, आणि इथे दुसरा घात आहे. कुत्र्याला किंवा माणसाला अशा जखमेवर सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलीन गिनीपिग आणि हॅमस्टर यांना पोटातून दिलं तर जीवघेणं ठरू शकतं. पेनिसिलीनच्या कुळातली औषधं त्यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि घातक जिवाणू माजतात. हे जाणणारा, एवढ्याशा प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधायचा तर इथून नाशिक गाठावं लागतं, नाहीतर घाट उतरून मुंबई. तालुक्याचा दवाखाना गाई-बैल, शेळ्या-मेंढ्यांसाठी आहे आणि तो त्याच कामात बुडालेला असतो. रविवारी संध्याकाळी, पावसात, घाटात गाड्या अडकलेल्या असताना मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या वर धावणारं ते काळीज मुंबईपर्यंत टिकेल याची हमी कोण देणार?

“त्याला तेवढीच सोबत” असंही म्हणतात. सीरियन हॅमस्टरला सोबत नकोच असते. तो एकटा राहणारा, रात्री जागणारा प्राणी. वयात आलेले दोन हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर मरेस्तोवर भांडू शकतात. जो आपल्या जातभाईला सहन करत नाही, त्याला दिवसाढवळ्या झोपेतून उठवून कुत्र्यापुढे धरायचं आणि त्याला सोबत म्हणायचं, हे मला समजत नाही. गिनीपिगला सोबत लागते हे खरं, पण दुसऱ्या गिनीपिगची. स्वित्झर्लंडने तर एकटी गिनीपिग पाळायला कायद्यानेच मनाई केली आहे. तिच्या एकटेपणाची खरंच काळजी असेल तर तिला जोडीदारीण आणा.

कुत्र्याचंही यात भलं नाही. ज्या वासाकडे त्याने दुर्लक्ष करावं, त्याच वासात आपण त्याला रोज अर्धा अर्धा तास गुंतवतो. घरचा उंदीर आणि बांधावरचा उंदीर हा भेद त्याला कोण शिकवणार? इगतपुरीचा भाताचा पट्टा घुशींनी भरलेला आहे, आणि शेतकरी त्यांच्यासाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवतो. त्याला पीक वाचवायचं असतं. त्या विषाने मेलेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर कुत्र्यालाही विषबाधा होऊ शकते. शिवाय उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका पावसाच्या साचलेल्या पाण्यात असतोच, तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही. अशा मुलखात कुत्र्याला उंदराची गोडी लावायची, की त्याला पाहून मान फिरवायला शिकवायचं?

कायदाही पाहून ठेवा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमात, केवळ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य होईल अशा रीतीने कोंडून ठेवणं हा गुन्हा मानलाय. पाळीव प्राण्यांची भेट घडवणाऱ्याला कोणी या कलमाखाली उभं करणार नाही, आणि करावं असं मी म्हणतही नाही. पण कोंडलेला प्राणी, समोर शिकारी आणि भोवती मोबाईल धरलेली माणसं, हे चित्र त्या कलमापासून किती दूर आहे याचा प्रत्येकाने विचार करावा.

मग दोन्ही प्राणी असलेल्या घराने करायचं काय? दोघंही राहू शकतात, सुखाने राहू शकतात, एकमेकांना न भेटता. छोट्याची खोली वेगळी, तिला कडी असलेलं दार. पिंजरा जमिनीवर नको, हलणाऱ्या स्टुलावर नको. भिंतीतल्या भक्कम फळीवर, ओलीपासून दूर. कुत्र्याला हाताळून आलात तर साबणाने हात धुऊन मगच गिनीपिगला उचला, कपड्यांवर लाळ असेल तर कपडे बदला. कुत्र्याला शिकवायचंच असेल तर एकच शिकवा: त्या दाराशी गेलं की मागे वळायचं, वळलं की खाऊ मिळतो. मुलांना छोट्याजवळ बसायचं असेल तेव्हा कुत्रा दुसऱ्या माणसाबरोबर घराबाहेर. मुलांना हेही सांगा की घरातल्या सगळ्यांवर माया करता येते आणि तरी सगळ्यांना एकत्र बसवायची गरज नसते. मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

पुढच्या शनिवारी इगतपुरीला येणार असाल तर कुत्र्याला अवश्य आणा, पाऊस उघडला की त्याला इथे धावायला जागा भरपूर आहे. हॅमस्टर-गिनीपिगला मात्र तुमच्या शहरातच, ज्या शेजाऱ्याकडे कुत्रा-मांजर नाही त्याच्याकडे ठेवून या. आणि आणावंच लागलं, तर त्याला दाराची खोली द्या, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी ते दार कुत्र्यासाठी उघडू नका.